पिवळी कॅसेट (बॅड ब्रेन्स, १९८२): मधली रेगे गाणी तुम्ही ऐकता की ढकलता?

खरखर
मंडळी नमस्कार. हा धागा बरेच दिवस डोक्यात होता, पण इथे गाण्यांचा धागा काढला की चौथ्या प्रतिसादात किशोर की रफी सुरू होतं म्हणून टाळत होतो.

९६-९७ ची गोष्ट. पुण्यात हॉस्टेलला एका सीनियरने मला टीडीकेची ९० मिनिटांची कॅसेट भरून दिली होती. त्याच्या मामाने अमेरिकेहून सीडी आणलेली, तिच्यावरून. वर नुसतं बँडचं नाव, "बॅड ब्रेन्स", लिहिलेलं. वीसेक मिनिटांत बारा गाणी, एक संपतंय म्हणेपर्यंत दुसरं चालू, कोण माणूस आहे, काय ओरडतोय, काही कळत नव्हतं, पण मी ती कॅसेट झिजेपर्यंत ऐकली. सबमिशनच्या रात्री तर हमखास. रूममेट उशी कानावर घेऊन झोपायचा.

मग मधे दहा-बारा वर्षं गेली, नोकरी, लग्न, बदली. एक दिवस नेटवर तोच अल्बम सापडला म्हणून लावला. पहिली पाच गाणी बरोबर, पाठ होती. सहाव्याला अचानक सगळं थांबलं आणि गोव्याच्या शॅकमधे संध्याकाळी लावतात तसलं संथ, डुलत डुलत जमैकाचं रेगे सुरू झालं! मला वाटलं यूट्यूबने जाहिरात लावली. नाही हो, गाणंच होतं ते. "जाह कॉलिंग." पुढे "लीव्हिंग बॅबिलॉन". आणि शेवटाकडे "आय लव्ह आय जाह", ते तर सहा मिनिटांच्या वर. म्हणजे मूळ अल्बममधे पंधरा गाणी, चौतीसेक मिनिटं, त्यातली तेरा मिनिटं हे रेगे. आमच्या सीनियरने भरताना तीनही गाणी कापली होती आणि मला पत्ता नाही.

तर प्रश्न असा: सीनियरने बरोबर केलं का? मला तर अजूनही वाटतं की ती गाणी नसती तर हा अल्बम सुरीसारखा झाला असता. ज्यांना माहीत आहे त्यांनी सांगा. ज्यांना माहीत नाही त्यांनी पहिलं गाणं "सेलिन ऑन" ऐकून या, दोन मिनिटांच्या आत संपतं.

दुपारची_झोप
ऐकून आले. शेजारच्या काकूंनी बेल वाजवली. इतकंच कळवते.

बोरीबंदर
अरे वा, इथे बॅड ब्रेन्सवर धागा! आज सूर्य कुठून उगवला.
ज्यांना संदर्भ नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: वॉशिंग्टन डीसीचा बँड, चारही जण काळे, आणि हे सांगायला हवं कारण तेव्हाचा पंक (छोटी, वेगवान, ओरडून गायलेली रॉक गाणी) म्हणजे बहुतेक गोऱ्या पोरांचा कारभार. एच. आर. (खरं नाव पॉल हडसन) गायक, त्याचा धाकटा भाऊ अर्ल हडसन ड्रमवर, डॅरिल जेनिफर बास, आणि गिटारवर डॉक्टर नो. ८२ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या रॉअर नावाच्या लेबलने (रेकॉर्ड कंपनीने) हा अल्बम काढला, आणि तो फक्त कॅसेटवर. रेकॉर्ड नाहीच. ते लेबलच कॅसेटवालं होतं. कव्हर पिवळंधमक, त्यावर कॅपिटॉलच्या (म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या) घुमटावर वीज कोसळतेय. लाल-पिवळा-हिरवा, म्हणजे रास्ताफारी रंग (रास्ताफारी हा जमैकाचा पंथ, रेगे त्यांच्याशी जोडलेलं). तेव्हा खरखर राव, कव्हरवरच रेगेची पाटी लावलेली होती, तुम्हाला कव्हर बघायला मिळालं नाही हा त्या सीनियरचा दोष.

नाना_फिरकी
म्हणजे गोऱ्यांच्या राजधानीवर वीज पाडली आणि वर कॅसेट विकली. आवडलं आपल्याला.

टणत्कार
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.
पण "पहिला हार्डकोअर (पंकचाच आणखी वेगवान, कडक प्रकार) अल्बम" वगैरे कोणी म्हणायच्या आत सांगून ठेवतो, पहिला नाही. सर्कल जर्क्सचा "ग्रुप सेक्स" ८० चा आहे, चौदा गाणी पंधरा मिनिटांत. डेड केनेडीजचा पहिला अल्बमही ८० चाच. ब्लॅक फ्लॅगचा "डॅमेज्ड" ८१ च्या शेवटाला. आणि हार्डकोअर हे नाव रूढ झालं त्यात कॅनडाच्या डीओएचा "हार्डकोअर ८१" आहेच. बॅड ब्रेन्स रांगेत चौथे-पाचवे.

बोरीबंदर
@टणत्कार, कोण म्हणालं पहिला? पण अल्बमच्या तारखा मोजून काय होतं. "पे टू कम" ही त्यांची सिंगल ८० ची, स्वतःच काढलेली, दीड मिनिटाची. ती ऐका आणि मग त्याच वर्षीचं बाकी कोणाचं काहीही ऐका. बाकीचे पळतायत आणि हे उडतायत.
आणि तुमच्या ब्लॅक फ्लॅगचा हेन्री रोलिन्स, तोही डीसीचाच. तो आणि त्याचा मित्र इयन मॅकाय (पुढे मायनर थ्रेटवाला) यांनी ७९ मधे जॉर्जटाउनच्या बायू क्लबात बॅड ब्रेन्सना बघितलं होतं, इंग्लंडच्या डॅम्ड या बँडच्या आधी वाजवत होते. शाळकरी वयाची पोरं. अख्खा डीसी हार्डकोअर यांच्याकडे बघून वाजवायला शिकला.

टणत्कार
मान्य. रोलिन्स तेव्हा आइस्क्रीमच्या दुकानात कामाला होता की नंतर?

बोरीबंदर
नंतरही होता. ब्लॅक फ्लॅगमधे गेला तो त्या दुकानातूनच. पण तो वेगळा धागा, तुम्ही काढा, मी येतो.

मंद्रसप्तक
मी या संगीतातली नाही, तबला शिकले आहे (विशारद, आता क्लास घेते), मुलगा असलं ऐकतो म्हणून धागा उघडला. काल रात्री हेडफोन लावून पूर्ण अल्बम ऐकला, तीन रेगेंसकट.

पहिली गोष्ट, मला वाटलं होतं आरडाओरडा असेल आणि हात चालतील तसे चालवत असतील. तसं अजिबात नाही. द्रुत लयीत हात सुटणं आणि हात पळणं यात फरक असतो, शिकणाऱ्याचे हात पळतात, लय त्याला ओढत नेते, आणि तयारीचा माणूस लयीवर बसलेला असतो. हा ड्रमवाला बसलेला आहे. एकेक टोला स्वच्छ. गाणं दीड मिनिटाचं असलं तरी त्यात मधे एकदम थांबतात आणि चौघे एकाच क्षणाला परत येतात, कुठेही सांडत नाही. हे गॅरेजमधे सहा महिन्यांत होत नाही. यांनी आधी काय वाजवलं होतं कोणी सांगेल का?

दुसरी गोष्ट रेगेची, ती जरा सावकाश लिहिते, क्लास सुरू होतोय.

केळफूल
काकू दंडवत!! इथे अशा प्रतिसादासाठीच येतो आपण.

बोरीबंदर
@मंद्रसप्तक, तुमचा कान धन्य. बरोबर ओळखलंत. पंक ऐकायच्या आधी हे लोक जॅझ फ्यूजन (जॅझ आणि रॉकची सरमिसळ) वाजवायचे, बँडचं नाव माइंड पॉवर. त्यांचे देव म्हणजे रिटर्न टू फॉरएव्हर आणि महाविष्णू ऑर्केस्ट्रा. मग कोणीतरी सेक्स पिस्टल्स, रमोन्स वगैरे पंक बँड ऐकवले आणि यांना वाटलं की हे तर आपण याच्या दुप्पट वेगात करू शकतो. बॅड ब्रेन्स हे नावही रमोन्सच्या एका गाण्यावरून, आणि "बॅड" म्हणजे वाईट नव्हे, आपण "काय जबरा" म्हणतो त्या अर्थाने.

अवकाळी
थांबा थांबा. महाविष्णू ऑर्केस्ट्रा म्हणजे जॉन मॅक्लॉक्लिन. त्याला महाविष्णू हे नाव दिलं श्री चिन्मय यांनी. आणि महाविष्णू झाल्यावर त्याच मॅक्लॉक्लिनने शक्ती हा बँड काढला, ज्यात तबल्यावर आपले झाकीरभाई. म्हणजे बॅड ब्रेन्स आणि माहीमचा तबला चुलतभाऊ की हो!

नाना_फिरकी
आलं. प्रत्येक धाग्यात "हे मूळचं आपलंच" यायला किती प्रतिसाद लागतात यावर मी पैज लावणार होतो.

अवकाळी
नाना, मी आपलंच म्हणालो नाही, चुलतभाऊ म्हणालो. चुलत्यांशी आपले संबंध कसे असतात तुम्हाला माहीत आहे.

नाना_फिरकी
हहपुवा. घ्या, माघार.

सदाशिव_पेठ_ते_सिल्व्हर_स्प्रिंग
नाव वाचून कळलंच असेल, मी मेरीलँडला असतो, अठरा वर्षं झाली. या बँडची मुळं डीसीच्या पूर्वेला लागून जो प्रिन्स जॉर्जेस काउंटीचा भाग आहे तिकडची. आपल्याला "काळ्यांची वस्ती" म्हटलं की सिनेमातलं काहीतरी दिसतं, पण तिथे सरकारी नोकरदार, सैन्यातले, बेसमेंट असलेली घरं, पुढे हिरवळ, असा मध्यमवर्ग. एच. आर. आणि अर्लचे वडील एअर फोर्समधे होते. बेसमेंटमधे बसून ही पोरं वाजवायची. आपल्याकडे वरच्या मजल्यावरची खोली असते ना, पोरांना दिलेली, तसंच.

आणि याच वडिलांनी एच. आर.ला एक पुस्तक दिलं. पोरगा भरकटत होता म्हणून. कुठलं असेल? ओळखा. हिंट: दादर स्टेशनबाहेर फूटपाथवर हमखास मिळतं.

केळफूल
मृत्युंजय?

दुपारची_झोप
तीस दिवसांत इंग्रजी बोला?

सदाशिव_पेठ_ते_सिल्व्हर_स्प्रिंग
नेपोलियन हिल. "थिंक अँड ग्रो रिच." 😀
शपथ. त्यातून त्याने पॉझिटिव्ह मेंटल अ‍ॅटिट्यूड उचललं, पीएमए, आणि तेच या बँडचं घोषवाक्य झालं. अल्बममधलं तिसरं गाणं "अ‍ॅटिट्यूड" त्याच्यावरच आहे. आजही हार्डकोअरवाल्या पोरांच्या अंगावर पीएमए गोंदलेलं दिसतं.

रेल्वे_रूळ
काय सांगता!! अहो २००३ मधे आमच्या ऑफिसातल्या एकाने मला हेच पुस्तक दिलं होतं, टाय लावून घरी आला, चहा घेतला, वहीत वर्तुळं काढली, खाली दोन वर्तुळं, त्याच्या खाली चार, आणि मला म्हणे स्वप्नं लिहा. साडेचार हजार गेले माझे. वर टूथपेस्टचे दोन खोके माळ्यावर पडून होते, ती पेस्ट शेवटी पितळी समया घासायला वापरली.
म्हणजे एकच पुस्तक वाचून एका बाजूला हे टायवाले निघाले आणि दुसऱ्या बाजूला असले उड्या मारणारे?

नाना_फिरकी
उड्या मारणाऱ्यांनी निदान टूथपेस्ट विकली नाही.

टणत्कार
तांत्रिक दुरुस्ती: पीएमए हे शब्द हिलच्या ६० सालच्या, स्टोनबरोबर लिहिलेल्या पुस्तकाच्या तर नावातच आहेत. "थिंक अँड ग्रो रिच" ३७ चं.

केळफूल
टणत्कार दादा तुम्हाला लग्नात बोलावतात का लोक?

टणत्कार
बोलावतात. पत्रिकेतल्या चुका काढायला.

मंद्रसप्तक
आले परत. रेगेबद्दल.

रेगेत एक ठेका आहे, मुलाने सांगितलं त्याला वन ड्रॉप म्हणतात. चार मात्रांचं आवर्तन धरा. आपल्याकडे पहिली मात्रा म्हणजे सम, सगळं वजन तिथे, गायक फिरून फिरून तिथेच येणार आणि लोक तिथेच मान हलवणार. या ठेक्यात पहिल्या मात्रेवर ड्रम काहीच वाजवत नाही. रिकामी. वजन येतं तिसरीवर. गिटार मधल्या फटींत "च्यॅक, च्यॅक" करते. म्हणजे ऐकणाऱ्याने सम मनात धरायची, ती कोणी वाजवून दाखवणार नाही. मी विद्यार्थ्यांना हातावर टाळी धरून हे करायला लावलं तर अर्ध्यांची लय सुटली. रिकामी जागा सांभाळणं भरलेल्या जागेपेक्षा अवघड असतं.

आता पाच गाणी आठ मिनिटांच्या आत, एकही श्वास न घेता, प्रत्येक मात्रा ठासून भरलेली, आणि लगेच सहावं गाणं जिथे पहिली मात्राच वाजत नाही. मला तर तिथे एकदम पायरी चुकल्यासारखं झालं, पोटात खड्डा पडतो तसं. आणि त्यानंतर "सुपरटच" येतं ते आधीच्या पाचांपेक्षा जोरात वाटलं. जोरात नाहीये खरं तर. मधे शांतता गेली म्हणून वाटतं.

तुमच्या सीनियरने चूक केली असं माझं मत.

खरखर
काकू, पायरी चुकल्यासारखं, हे अगदी बरोबर आहे. पण मला पायरी चुकायला आवडत नाही, त्याचं काय?

ढेकूण_डायरीज
स्पष्ट बोलतो. तबल्याचं ठीक आहे पण रेगे गाणी त्यांच्या भक्तीची आहेत. बॉब मार्लीचा कार्यक्रम बघितला, रास्ताफारी झाले, जटा वाढवल्या, आणि मग अल्बममधे प्रवचन. आपल्याकडे एखाद्या रॉक बँडने मधेच तीन भजनं टाकली तर काय म्हणाल?

अवकाळी
सुंदर म्हणू. चांगली असली तर.

काळी_मिरी
भजनावर माझा आक्षेप नाही, त्या श्रद्धेबरोबर जे आलं त्यावर आहे. ८२ सालीच, म्हणजे हा अल्बम आला त्याच वर्षी, टेक्सासच्या दौऱ्यात ऑस्टिनला यांनी बिग बॉईज नावाच्या बँडच्या गायकाशी, तो समलिंगी आहे म्हणून, अतिशय घाण वागणूक केली. त्यावरून अख्ख्या पंक जगात फूट पडली, काही बँडनी उघड विरोध केला. पुढे जेनिफरने ती चूक होती हे मान्य केलंय, आपण तेव्हा कसे होतो यावर बोललाय. पण मी स्वतः समलिंगी आहे आणि "सगळ्यांनी मिळून वर उठा" असं गाणाऱ्यांनी मला त्या "सगळ्यां"मधे धरलं नव्हतं हे माहीत असताना ऐकायला जड जातं. ऐकते, पण जड जातं. पीएमए लिहिलेला टीशर्ट मी घालत नाही.

बोरीबंदर
@काळी_मिरी, बरोबर आहे. मी वरच्या माहितीत हे लिहायला हवं होतं, टाळलं.

ढेकूण_डायरीज
कलाकार आणि कला वेगळी ठेवायची.

काळी_मिरी
ठेवा तुम्ही. मला वेगळी ठेवता येते की नाही हे गाण्यागणिक ठरतं.

संपादक मंडळ
या विषयावरचे दोन प्रतिसाद उडवले आहेत. कृपया वैयक्तिक होऊ नये.

दुपारची_झोप
अवांतर: गांजा हा शब्द जमैकाला आपल्याकडून गेला हे खरं का?

अवकाळी
खरं. १८४५ पासून भारतातून गिरमिटिया (कराराने बांधलेले) मजूर जमैकाला नेले, उसाच्या मळ्यांवर. ते गांजा घेऊन गेले आणि शब्दही. जटांचं नातं साधूंशी जोडतात काही जण, त्यावर मात्र वाद आहेत.

नाना_फिरकी
"चुलतभाऊ" क्रमांक दोन.

सातारी_तर्री
आमचा मुद्दा ऐका. आम्ही कॉलेजला असताना बँड काढलेला साताऱ्यात. तीन जण. गिटार कोल्हापूरवरून आणलेली, ड्रम गणपती मंडळाचे, अँप म्हणजे मंडळाचाच लाऊडस्पीकर. मला हा बँड एका पुण्याच्या पोराने ऐकवला आणि आम्ही ठरवलं "पे टू कम" बसवायचं. सहा महिने. काय बसलं न्हाय. पहिल्या वीस सेकंदांत उजवा हात दगड व्हायचा. हळू वाजवलं तर गाणं मेल्यासारखं वाटायचं आणि फास्ट वाजवलं तर गाणंच ओळखू यायचं न्हाय.

शेवटी गॅदरिंगला आम्ही "जाह कॉलिंग" वाजवलं. म्हटलं हे सोप्पं हाय. मंद्रसप्तक काकू म्हणतात तेच झालं, ड्रमवाला ढोलपथकातला, त्याचा हात पहिल्या मात्रेवर पडल्याशिवाय राहीना. प्रत्येक वेळी धाडकन. रेगेचं लेझीम झालं! पोरं नाचली मात्र.

केळफूल
रेगेचं लेझीम 😂😂 रेकॉर्डिंग आहे का?

सातारी_तर्री
असतं तर दाखवलं असतं का?

मंद्रसप्तक
@सातारी_तर्री, तुमच्या ड्रमवाल्याला माझ्याकडे पाठवा.

घाटकोपर_फास्ट
मुंबईचं सांगतो. रंगभवनला आय-रॉक हा रॉक बँडांचा महोत्सव बघत आमची पिढी मोठी झाली, तिथे सगळं मेटल, काळे टीशर्ट, लांब केस. पंक म्हटलं की लोक नाक मुरडायचे, "वाजवता येत नाही म्हणून पंक करतात". हार्डकोअर असं म्हणता येईल ते मी पहिल्यांदा स्क्राइब या बँडच्या कार्यक्रमाला बघितलं, २००७-०८ असेल, स्टेजवरून माणूस खाली आणि खालचा माणूस स्टेजवर. मग रायट पेडलर्स वगैरे आले. "वाजवता येत नाही म्हणून" या वाक्याचं उत्तर म्हणजे बॅड ब्रेन्स, मी ज्याला त्याला हाच अल्बम ऐकवायचो. ऱ्हिदम हाऊस या कॅसेट-सीडीच्या दुकानात विचारलेला एकदा, त्यांच्याकडे नव्हता, पण काउंटरवरच्या माणसाला नाव माहीत होतं. तेवढ्यावर मी खूश होऊन लोकलने घरी.

प्राजक्ता_डी
मला एच. आर.बद्दल वाचायला आवडेल कोणी लिहिलं तर. तो पुढे फार वाईट अवस्थेत होता ना?

बोरीबंदर
हो. तो शाळेत पोलव्हॉल्ट करायचा, आणि स्टेजवर उभ्या जागी मागे कोलांटी मारून गाण्याच्या शेवटच्या ठोक्याला बरोब्बर पायावर उतरायचा, हे बघणाऱ्या कित्येकांनी सांगितलंय. आणि तोच माणूस बँडला मोठा करार मिळायची वेळ आली की गायब. रेगेच करायचं म्हणून बँड सोडला, परत आला, परत सोडला. ८६ चा "आय अगेन्स्ट आय" करताना तर गांजाच्या प्रकरणात तुरुंगात जायची वेळ आली, एका गाण्याचा आवाज त्याने तुरुंगातल्या फोनवरून दिलाय, "सेक्रेड लव्ह". ऐकलं की कळतं, आवाज डबड्यातून आल्यासारखा. नंतरच्या काळात मानसिक आजार, काही वर्षं राहायला घरही धड नाही. वर डोकेदुखीचा एक दुर्मिळ भयानक प्रकार, त्यासाठी २०१७ मधे मेंदूची शस्त्रक्रिया झाली.

८२ च्या कॅसेटमधे तो माणूस ऐन भरात आहे. एकाच गाण्यात किंचाळतो, गुणगुणतो, नाकातून हसल्यासारखं काहीतरी करतो. लोक वेगाबद्दलच बोलतात, पण मला विचाराल तर गळा.

रेल्वे_रूळ
कोलांटी मारून समेवर. काकू, याला काय म्हणाल?

मंद्रसप्तक
तिहाई (एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येणं). अंगाने घेतलेली.

सदाशिव_पेठ_ते_सिल्व्हर_स्प्रिंग
अजून एक, "बॅन्ड इन डीसी" (म्हणजे "डीसीत बंदी") हे पाचवं गाणं. यांच्या कार्यक्रमात राडा व्हायचा म्हणून डीसीचे क्लबवाले बोलवेनात, तसं कुठे लेखी नव्हतं पण सगळ्यांनी मिळून दारं बंद केली. त्याआधी इंग्लंडला निघाले होते, विमानतळावरूनच परत पाठवलं, त्या फेरीत वाद्यंही गेली. आल्यावर टीन आयडल्सच्या पोरांनी (मॅकायचाच आधीचा बँड) आपली वाद्यं वापरायला दिली. ८१ मधे शेवटी बिऱ्हाड न्यूयॉर्कला. अ‍ॅव्हेन्यू ए वर १७१ नंबरच्या जागेत १७१-ए नावाचा छोटा स्टुडिओ होता, तिथे ही कॅसेट झाली. मी त्या रस्त्यावर एकदा मुद्दाम गेलो होतो. बायकोने विचारलं इथे काय आहे, मी म्हटलं काही नाही, होतं. तिने मला तिथल्या कोपऱ्यावर पिझ्झा घ्यायला लावला, तेवढाच फायदा.

टणत्कार
आणि शेवटच्या, पंधराव्या गाण्याचं नाव "इंट्रो" आहे हे अजून कोणी लिहिलं नाही. अल्बम संपताना इंट्रो. पत्रिकेत मी ही चूक काढली असती.

नाना_फिरकी
चूक कशाला, कॅसेट आहे. संपली की उलटायची आणि परत सुरू.

टणत्कार
... हे मला चाळीस वर्षांत सुचलं नव्हतं. (मी चाळीसचा आहे.)

ढेकूण_डायरीज
सीडीवर ऐकणाऱ्यांनी काय करायचं?

नाना_फिरकी
उठून परत पहिलं लावायचं. व्यायाम होतो.

काळी_मिरी
मूळ प्रश्नाकडे येते. मी रेगे ढकलत नाही. उलट "लीव्हिंग बॅबिलॉन" हे मी या अल्बममधून सगळ्यात जास्त ऐकलेलं गाणं असेल. बास ऐका त्यात, जेनिफर किती थोडं वाजवतो. फास्ट गाण्यांत हेच लोक एका सेकंदात जितके सूर टाकतात तितके इथे अर्ध्या मिनिटाला पुरवतात. वेगाने वाजवता येतं म्हणून वेगाने वाजवलंच पाहिजे असं नसतं.

घाटकोपर_फास्ट
+१. लाईव्हला तर त्याचा व्यावहारिक उपयोगही असतो. खाली पोरं एकमेकांवर आपटून घामाघूम झालेली असतात, एक रेगे आलं की श्वास घेतात, सांडलेले चष्मे शोधतात.

सातारी_तर्री
चष्मे शोधायला रेगे. घ्या खरखर राव, मिळालं उत्तर.

खरखर
मंडळी, चार दिवसांनी येतोय, क्षमस्व. धागा इतका चालेल वाटलं नव्हतं, आणि किशोर-रफी अजून आले नाहीत याबद्दल सर्वांचे आभार.

शनिवारी तुमच्या सांगण्यावरून अल्बम मूळ क्रमाने, काही न ढकलता, हॉलमधल्या मोठ्या स्पीकरवर लावला. बायको स्वयंपाकघरात शेंगा सोलत होती. पहिल्या पाच गाण्यांना तिने दार लोटून घेतलं. "जाह कॉलिंग" लागलं तेव्हा दार उघडून म्हणाली, आता बरं लावलंस, हे कोण? म्हटलं तेच. म्हणाली, शक्य नाही. मग ती ताट घेऊन हॉलमधेच बसली आणि पुढचं "सुपरटच" सुरू झालं तेव्हा दचकून दोन-चार दाणे सोफ्याखाली. मी हसलो. तिथे मला मंद्रसप्तक काकूंचं पटलं, म्हणजे पायरी चुकण्याची गंमत दुसऱ्याला चुकताना बघून कळली. "आय लव्ह आय जाह" मात्र मला अजूनही लांबलंय असंच वाटतं, त्यावर मी ठाम आहे. दोन रेगे ठेवा, तिसरं अर्धं करा.

आणि मग माळ्यावरचा खोका काढला. कॅसेट सापडली. टेप चिकटलीय, लावायची हिंमत केली नाही, पेन्सिल घालून थोडी फिरवून बघितली तर कुरकुरते. पण कव्हराचा कागद मी कधी पूर्ण उलगडलाच नव्हता, ९७ पासून. आतल्या घडीत, सीनियरच्या बारीक तिरप्या अक्षरात, निळ्या पेनने:

"यातली ३ हळू गाणी भरली नाहीत. तुला झेपणार नाहीत आत्ता. पाहिजे तेव्हा खोली नं. २१४ ला ये."

नाना_फिरकी
जा मग. गेला का अजून?

खरखर
हॉस्टेल पाडलं हो २०११ ला.